ज्याची सुई, त्याची थुंकी

दोऱ्याचे टोक मी ओठांत धरले, जिभेवरून एकदा फिरवले आणि बाहेर काढून पाहिले, तर ते गेले होते तसेच परत आले होते. कोरडे, फुललेले, त्यातला प्रत्येक तंतू वेगळ्या दिशेला तोंड करून उभा. वाटणीची बोलणी सुरू झाल्यावर सख्खे भाऊ उभे राहतात तसा. मी पुन्हा एकदा प्रयत्न केला. जीभ टाळूला लागली आणि तिथेच चिकटून राहिली, सोडवून घ्यायला तिला थोडा वेळ लागला. रफूकाम करणाऱ्या बाईच्या तोंडात दोरा ओला करण्यापुरते पाणी नसावे, ही गोष्ट मला आधी केवळ विनोदी वाटली. खिडकीतून सकाळचा उजेड माझ्या खुर्चीवर पडला होता आणि मांडीवर कप्तानसाहेबांचा कोट होता. दाट विणीचा, सायीच्या रंगाचा लोकरी कोट, डाव्या खिशाच्या वर चिलमीतल्या ठिणगीने पाडलेले भोक. ज्या जहाजावर कप्तानसाहेबांनी उमेदीची वर्षे घालवली ते मोडीत निघाले होते, आणि त्यावरची जुनी मंडळी रविवारी एकत्र जमणार होती. "बाई, या कोटाशिवाय मला तिथं कुणी ओळखणार नाही," असे ते म्हणाले होते, आणि त्यांचा एकूण आकार पाहता ते खोटे होते. पण माणसाने आपले काम आपल्याला एवढ्या आदराने आणून द्यावे हे मला आवडते. आमच्या रफूत बाहेरचा दोरा चालत नाही. कोटाच्याच आतल्या दुमडीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, एकेक धागा सोडवून घ्यायचा आणि भोकावर उभा-आडवा विणत जायचा. प्रत्येक धागा आखूड, म्हणजे प्रत्येकासाठी सुई नव्याने ओवायची. आणि प्रत्येक ओवण्यासाठी एक थेंब थुंकी.

माझे वडील रफूगार होते आणि त्यांचे शाळेशी कधी पटले नसले तरी भाषेशी पटत असे. ते म्हणत, "माणसाची लाळ कापडावर डाग ठेवत नाही. येते, काम करते, निघून जाते. अशी माणसं भेटली तर सोडू नयेत." त्यांच्या दुकानाचा एकच नियम होता: ज्याची सुई, त्याची थुंकी. दुसऱ्याने ओला केलेला दोरा आपल्या सुईत घ्यायचा नाही. त्यात स्वच्छतेचा भाग फार थोडा होता. आपण घातलेल्या टाक्याचे पाप-पुण्य आपल्याच तोंडी असावे, हा त्यामागचा विचार. मी परकराच्या वयाची होते तेव्हापासून हा नियम पाळत आले, दुकान माझ्या हाती आल्यावर तो मी कायदा म्हणून लागू केला, आणि आता त्या कायद्याची जननी खिडकीत बसून ओठ चोखत होती. पाण्याची वाटी मागवता आली असती. पण रफूगाराच्या मेजावर पाण्याची वाटी म्हणजे पहिलवानाच्या हातातली काठी. समोर काउंटरवर माझी मुलगी बसते, तिची नजर घारीची आणि आवाज भोंग्याचा. तिच्या मागच्या मेजावर जावईबापू. ते पूर्वी नकाशे काढत, पुढे ते काम यंत्रे करू लागली तेव्हा ते आमच्याकडे आले, आणि मी त्यांना बटणे, काजे आणि चेन यांच्या राज्यावर नेमले. खिडकीतली खुर्ची माझी. तिथे बसून मी वाटी मागितली असती तर दोघांनी एकमेकांकडे पाहिले असते, आणि ते एकमेकांकडे पाहणे मला नको होते. उजव्या हाताशी चहाचा कप होता. तो नेहमीच असतो. मी दोऱ्याचे टोक सहज, इकडेतिकडे पाहत, चहात बुडवले, बोटांनी पिळले आणि सुईत ओवले. कुणाला काही कळले नाही. आपल्या हुशारीचे मला इतके कौतुक वाटले की त्या दिवशी मी जावईबापूंच्या एका काजाचीही स्तुती केली.

कोरडेपणा काही त्या सकाळी अवतरला नव्हता, हे मला मनातून ठाऊक होते. उशाशी पाण्याचा तांब्या आला होता. बिस्किट घशात अडून बसे आणि मी ते मोठेपणाने गिळत असे. डोळ्यांत कुणीतरी वाळू पेरून गेल्यासारखे वाटे. बोटांचे सांधे सकाळी उठल्यावर मुठीत यायला तयार नसत, त्यांची मनधरणी करावी लागे, आणि मनधरणी करणे माझ्या स्वभावात नाही. सर्वांत मोठी गैरसोय हुकूम देण्याची. "अगं, तो निळा सदरा आधी..." एवढे म्हटले की जीभ टाळूला जाऊन बसे, मी थांबे, आणि मुलगी मान डोलावत पुढचे ऐकायला उभी राही. या थांबण्यांमुळे मी आताशा विचार करून बोलते, असा घरात समज पसरला. मला तो खोडून काढावासा वाटला नाही. चहाच्या बाबतीत मात्र मी बोलले. त्या आठवड्यात चहा दिवसेंदिवस फिका होत चालला होता. "हा चहा आहे की चहाची आठवण?" असे मी मुलीला विचारले, तेव्हा तिने नवऱ्याकडे बोट दाखवले, आणि जावईबापू बटणाच्या डब्यात तोंड घालून म्हणाले, "पुडा बदललाय, आई." मी पुड्याला चार शब्द सुनावले.

मुलीने मला डॉक्टरकडे नेले ते डोळ्यांच्या लालीमुळे. नेले म्हणजे कोटाला खुंटीवरून काढावे तसे उचलून नेले. डोळ्यांच्या डॉक्टरने मला सांध्यांच्या डॉक्टरकडे पाठवले, तेव्हा मी मुलीला म्हटले, "डोळा आणि गुडघा यांचा काय संबंध, लाथ मारताना नेम धरायचा म्हणून?" सांध्यांची डॉक्टरीण अगदीच तरुण होती. तिने बोटे दाबून पाहिली, तोंड उघडायला सांगितले, कोरडी पट्टी जिभेवर ठेवून काढली आणि मग विचारले, "आजी, शेवटचं कधी रडलात?"

"मी रडत नाही."

"म्हणजे रडू येत नाही, की अश्रू येत नाहीत?"

"बाई, या दोन्हींत फरक करायची वेळ माझ्यावर आलेली नाही."

तिने माझ्या दोन्ही खालच्या पापण्यांत कागदाची एकेक पट्टी अडकवली आणि डोळे मिटून बसायला सांगितले. कागद किती भिजतो यावरून अश्रू मोजतात. मी पाठ ताठ करून बसले. गालांवर दोन कागदी जिभा लोंबत होत्या. "आई, दुकानात किमतीची चिठ्ठी लावून ठेवल्यासारखी दिसतेयस," मुलगी म्हणाली. मी म्हटले, "सवलत देणार नाही म्हणून सांग." त्या अंधारात बसून मी खरोखर प्रयत्न केला. काही वाईट आठवून पाहिले, मग काही फार चांगले आठवून पाहिले. परीक्षेत काहीतरी लिहिलेच पाहिजे म्हणून मूल लिहिते तसे. पट्ट्या काढल्या तेव्हा त्या जवळजवळ तशाच कोऱ्या होत्या. मग रक्त घेतले, आणि खालच्या ओठाच्या आतून मसुराच्या दाण्याएवढा तुकडा काढला. त्यानंतर दोन दिवस मला बोलता आले नाही आणि घराने ते मनापासून साजरे केले.

अहवाल आले त्या दिवशी डॉक्टरीणबाईने खुर्ची पुढे ओढली. रक्तात अशी प्रतिपिंडे सापडली होती की जी बाहेरून आलेल्या जंतूंच्या मागे लागण्याऐवजी माझ्याच पेशींच्या मागे लागली होती. "शरीराचे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजतात, असं धरा," ती म्हणाली. हे वाक्य तिने याआधी बऱ्याच जणांना सांगितले असावे. मी म्हटले, "पहारेकऱ्यांचं राहू द्या, मला दाखवा." तेव्हा तिने संगणक माझ्याकडे वळवला. माझ्या ओठाचा तो तुकडा पडद्यावर ताटाएवढा झाला होता: फिकट गुलाबी पुंजके, त्यांच्यामधून जाणाऱ्या लाळेच्या बारीक नळ्या, आणि त्या नळ्यांना वेढून काळ्या ठिपक्यांची दाटी. ते ठिपके म्हणजे पांढऱ्या पेशी. पांढरे म्हणायचे आणि काळे दाखवायचे, हा शास्त्राचा खाक्या मी मनाशी नोंदवून ठेवला. मी वाकून पाहत राहिले. एखाद्या अनोळखी गावात आपल्याच धंद्याची पाटी दिसावी तसे मला ते ओळखीचे वाटले. "हे रफू आहे," मी म्हटले, "धड कापडावर केलेलं. भोक नाही, ठिगळाची गरज नाही, आणि कारागीर तुटून पडलेत."

डॉक्टरीणबाईने पडद्यावरच्या दाट ठिपक्यांवर बोट ठेवले. "आणि रफू इतकं दाट झालं की कापड आखडलं," ती म्हणाली. "लाळेच्या ग्रंथीतही तेच, अश्रूंच्या ग्रंथीतही तेच. सांध्यांतही थोडं." मला ती एकदम आवडली. ती पुढे म्हणाली की हा आजार बायकांना फार, पुरुषांना क्वचित, का ते नीट ठाऊक नाही. तो मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. या कारागिरांना शांत करायला एक गोळी, डोळ्यांत दर थोड्या वेळाने थेंब, तोंडात घोट घोट पाणी, आणि मधूनमधून तपासण्या. "पण बुबुळांवर ओरखडे आहेत. बारीक काम निदान काही महिने बंद."

"रविवारी एक कोट द्यायचाय."

"दुसऱ्याला द्या."

"माझ्या हातचं काम दुसऱ्याला देत नाही मी. आणि नाही थांबवलं तर?"

"तर डोळेच थांबवतील, आजी. मग कायमचं."

घरी येताना मुलगी गाडी चालवत होती आणि एकटीच माझ्या वाटणीचेही बोलत होती. मी बाहेर पाहत होते. दुकाने, झाडे, सिग्नलला थांबलेली माणसे, सगळ्यांच्या कडा किंचित फुललेल्या, ओला न केलेल्या दोऱ्यासारख्या. खुर्ची जाणार, ही गोष्ट मी मनाच्या एका कोपऱ्यात नीट घडी घालून ठेवली होती, कारण तिच्याखाली दुसरीच एक गोष्ट वळवळत होती. यजमान गेले त्या दिवशी मी रडले नाही. घर माणसांनी भरले होते, जो तो रडत होता, शेजारचे न्हावी तर असे रडले की त्यांनाच सावरावे लागले. मी उभी राहून सगळ्यांना पाणी दिले, कुणी कुठे बसायचे ते सांगितले. लोक म्हणाले, बाई वज्राची आहे. ती कीर्ती मी इतकी वर्षे अंगावर घालून मिरवली, उन्हाळ्यातसुद्धा काढली नाही. मुलीचे लग्न, वडिलांचे जाणे, दुकानाला लागलेली आग, सगळ्यांत मी कोरड्या डोळ्यांनी उभी होते आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. आता प्रश्न असा, की ती मी होते की डोळ्यांमागच्या दोन आखडलेल्या ग्रंथी होत्या? मी कणखर होते की नुसतीच कोरडी? आजार तेव्हा होता की नव्हता हे आता कुणालाच सांगता येणार नाही, डॉक्टरीणबाईलाही नाही. यजमान असते तर त्यांना विचारले असते. ते चित्रकलेचे शिक्षक, ते म्हणत, "तू रागावलीस की तुझं नाक लाल होतं आणि वाईट वाटलं की तू कपाटं आवरतेस." हे मला एकदम आठवले, गाडी पुलावर असताना, आणि त्यापाठोपाठ हेही आठवले की ते गेले त्या आठवड्यात मी घरातले प्रत्येक कपाट आवरले होते, शेजाऱ्यांचेसुद्धा एक. मी हसले. मुलीने विचारले, "काय झालं?" मी म्हटले, "तू पुढं बघ."

दुसऱ्या सकाळी मी ठरवून लवकर खुर्चीत बसले. थेंब डोळ्यांत घातले नव्हते. घातले की सगळे काही वेळ पाण्याखाली गेल्यासारखे दिसते. भोक जवळजवळ भरले होते, दोन-तीन धाग्यांचे काम उरले होते. सूर्य समोरच्या इमारतीवरून वर आला, उजेड कोटावर पडला, आणि त्या सायीच्या रंगात मला नाण्याएवढी तपकिरी सावली दिसली. मी कोट झटकला. सावली हलली नाही. जवळ धरला, दूर धरला. लाळ येते, काम करते, निघून जाते. चहा येतो, काम करतो आणि मुक्काम ठोकतो. हे मला, माझ्या वडिलांच्या मुलीला, सुचले नव्हते. प्रत्येक धागा मी स्वतःच्या हाताने रंगवून विणला होता.

"आई, राग येणार नसेल तर एक विचारू?" जावईबापू केव्हा मागे येऊन उभे राहिले ते मला कळले नव्हते.

"येईल. विचारा."

"कप्तानसाहेबांचा कोट चहा प्यायला लागलाय का?"

जीभ टाळूलाच होती, आणि या वेळी मी तिला सोडवायचा प्रयत्नही केला नाही. ते पुढे म्हणाले, "पहिल्याच दिवशी पाहिलं मी. बोलायची छाती झाली नाही. म्हणून मग चहा जरा... पाणी वाढवत गेलो. म्हटलं, डाग तरी कमी पडेल."

"म्हणजे पुडा?"

"पुडा तोच आहे."

मी त्यांच्याकडे पाहिले. हा माणूस आमच्या घरात येऊन इतकी वर्षे झाली, मी त्यांना ‘अहो’ म्हणते, पंक्तीत पहिले वाढते, आणि खिडकीच्या या बाजूला कधी फिरकू दिले नाही. बाहेरचा दोरा, म्हणून. आणि तो आठवडाभर माझी अब्रू वाचवण्यासाठी माझ्या शिव्या खात चहात पाणी घालत होता. कारागीर धड कापडावर तुटून पडले होते ते फक्त ओठात नव्हे, हे मला तेव्हा लख्ख कळले. मात्र हे असे कळणे मला फार वेळ सोसत नाही, म्हणून मी उठून उभी राहिले.

"बसा."

"कुठं?"

"या खुर्चीत. दुसरी रिकामी दिसतेय का कुठं?"

ते बसले, जणू खुर्ची तापलेली आहे. दुमडीत जेमतेम एका रफूपुरते धागे उरले होते, चुकायला जागा नव्हती. माझे सगळे काम त्यांनी भिंगाखाली उसवले. मी ते पाहिले, आणि पाहवले. मग त्यांनी पहिला धागा हातात घेतला, थांबले, माझ्याकडे पाहिले. "पाण्याची वाटी आणू?"

"तुम्हाला तोंड नाही का?"

त्यांनी दोरा ओठांत धरला. बाहेर आला तो सुईच्या अणीसारखा टोकदार, ओलसर, आज्ञाधारक. मला हेवा वाटला. नकाशात किनाऱ्याची रेघ काढणारा तो हात. एक वर, एक खाली, एक वर, एक खाली, कुठे घाई नाही, कुठे ताण नाही. मी बाजूला उभी राहून हुकूम देत होते, "सैल... अजून सैल... कापड श्वास घेतं, त्याला..." आणि जीभ चिकटली की ते न बघता पाण्याचा पेला माझ्या हातात देत. काउंटरवरून मुलगी म्हणाली, "आई, इतका वेळ माझा नवरा त्या खुर्चीत बसलाय आणि अजून छत पडलं नाही." मी म्हटले, "तुझ्या आवाजानं पडेल."

दुपार कलताना एकच धागा राहिला. "शेवटचा माझा," मी म्हटले आणि त्यांना उठवून खुर्चीत बसले. डॉक्टरीणबाईला एका धाग्याचा हिशेब देण्याची माझी तयारी होती. जावईबापूंनी धागा ओठांत ओला केला, सुईत ओवला आणि सुई माझ्यापुढे धरली. त्यांच्या थुंकीचा दोरा. मी वडिलांचे स्मरण केले आणि त्यांना म्हटले, तुमचं काम झालं, आता जरा तिकडे बघा. सुई घेतली. डोळ्यांना फारसे दिसत नव्हते, बोटांना ठाऊक होते: वर, खाली, वर, खाली, आणि टोक आत दडवले. मग मी डोळे मिटले आणि तर्जनी कापडावरून फिरवली. रफू कुठे आहे ते मला बोटाने नेहमी कळते. कुणाचेही, कितीही चांगले असो. बोट खिशापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तिथे काहीच नव्हते. सगळा कोटच होता.

छातीतून काहीतरी निघाले, घशातून वर चढले आणि डोळ्यांपाशी येऊन दारावर धडका देऊ लागले. आत पाणी नव्हते, नुसती आग. म्हणजे रडणे होते तर, इतके दिवस येत होते आणि दार बंद पाहून परत जात होते. "थेंब," मी म्हटले. जावईबापूंनी बाटली उघडली. "वर बघा, आई. मिटू नका." त्यांना सवय नव्हती आणि मला तर मुळीच नव्हती; एक थेंब नाकावर, एक भुवईवर, मग एकदम भरमसाट, दोन्ही डोळे काठोकाठ भरले आणि गालांवरून, हनुवटीवरून, थेट पदरावर धारा लागल्या. गार, खारट, सुखाच्या. बरोबर त्याच वेळी दाराची घंटा वाजली आणि कप्तानसाहेब आत आले.

ते उंबऱ्यातच थांबले. मांडीवर त्यांचा कोट, बाजूला ओशाळलेले जावईबापू, आणि मी, जिला त्यांनी आजवर कधी साधी हळहळतानाही पाहिले नव्हते. त्यांनी टोपी काढली. "बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "गेला का कोट? जाऊ द्या हो. जहाज गेलं तिथं कोटाचं काय घेऊन बसलात." आणि बोलता बोलता त्यांचेच डोळे भरून आले. मुलीने काउंटरवरून तोंड उघडले, बाटलीकडे बोट केले. मी तिच्याकडे फक्त पाहिले आणि तिने ते मिटले. ही कला माझ्याकडे अजून शाबूत होती.

"कोट तयार आहे," मी म्हटले. "जावईबापूंनी केलाय. घालून बघा."

त्यांनी घातला, आरशासमोर वळले, छातीवर हात फिरवून भोक शोधू लागले, सापडेना तसे पुन्हा शोधू लागले. मग माझ्याजवळ येऊन खिशातला रुमाल काढून त्यांनी पुढे धरला. माझे अश्रू औषधाच्या दुकानातून आणलेले आहेत, हे त्यांना सांगायचे माझ्या अगदी जिभेवर आले होते, पण जीभ टाळूला चिकटली होती. मी रुमाल घेतला आणि सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखे, दोन्ही गाल पुसले.